न ऐकू आलेली शेवटची ओळ

माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून खिडक्या दुरुस्त करते." मग शेजारणी मला ॲल्युमिनियमच्या स्लायडिंगबद्दल सल्ले विचारायच्या. सुरुवातीला मी खुलासे करत बसायचे. पुढे सोडून दिलं, कारण सासूबाईंचं म्हणणं फारसं चूक नव्हतं. मी नोकरीभर एकच खिडकी दुरुस्त केली आणि निवृत्त झाले तेव्हाही ती पुरती दुरुस्त झालेली नव्हती.

ही खिडकी कुठली ते आधी सांगते. प्रोग्रॅम लिहिणारी माणसं ज्यात लिहितात त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. वहीच समजा. त्या वहीच्या तळाशी हल्ली एक काळी खिडकी असते, तिला टर्मिनल म्हणतात. तिथे टाइप करून मशीनला हुकूम सोडायचा: हा प्रोग्रॅम चालव, तो तपास, ही फाइल तिकडे नेऊन ठेव. मशीन तिथेच खाली उत्तर लिहितं. बघणाऱ्याला वाटतं, वही आणि खिडकी एकच आहे. प्रत्यक्षात ती एका छपराखाली राहणारी दोन वेगळी बिऱ्हाडं आहेत आणि एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही. खिडकीत काय चाललंय याचा वहीला पत्ता नसतो. या दोघांमध्ये निरोप पोचवण्याची व्यवस्था बघणं, हे माझं काम.

हे एकाच प्रकारच्या मशीनवर असतं तर मी पाच वर्षांत कंटाळले असते. पण तोच एडिटर विंडोजवर, मॅकवर आणि लिनक्सवर सारखाच चालायला हवा, आणि तिन्ही घरच्या रीती निराळ्या. फाइलचा पत्ता लिहिताना एका घरी रेघ उजवीकडे झुकते, दुसऱ्या घरी डावीकडे. ओळ संपली हे सांगायला एका घरी एक खूण पुरते, दुसऱ्या घरी दोन लागतात. चालू काम मधेच थांबवायचं तर एका घरी ज्याचं त्याला सांगता येतं. दुसऱ्या घरी "थांब" म्हटलं की अख्ख्या घराला ऐकू जातं आणि ज्याला थांबवायचं नव्हतं तेही हातातलं काम टाकून उभं राहतं. मी या तिन्ही घरच्या रीती सांभाळणारी सून होते म्हणा, आणि तिन्हीकडून बोलणी खाल्ली.

मालेगावला सुताचे एक व्यापारी होते, हौसेने प्रोग्रॅमिंग शिकलेले. आमच्या कंपनीच्या मालकांच्या ओळखीचे, म्हणून आमचा एडिटर वापरायचे. त्यांना लागणारे सगळे हुकूम ते वहीत लिहून ठेवत आणि तिथून उचलून खिडकीत चिकटवत. एक दिवस त्यांचा फोन आला. "मॅडम, तुमची खिडकी लय उतावळी हाय. मी अजून इचारच करत होतो, आन् तिनं करून बी टाकलं!" त्यांनी हुकूम उचलताना ओळ संपल्याची खूणही सोबत उचलली होती, आणि टर्मिनलच्या लेखी त्या खुणेचा अर्थ 'एंटर दाबलं' असा होतो. जुन्या नक्ष्यांचं अख्खं फोल्डर पुसलं गेलं. पुतण्याकडे दुसरी प्रत होती म्हणून निभावलं. त्यानंतर मी चिकटवलेल्या मजकुराच्या दोन्ही टोकांना न दिसणाऱ्या खुणा लावण्याची सोय आमच्याकडे पक्की केली. हा मजकूर नुसता चिकटवलाय, मालकाने अजून 'हो' म्हटलेलं नाही, एवढंच त्या खुणा सांगायच्या. त्या व्यापाऱ्यांनी पुढच्या दिवाळीला मला साडी पाठवली. सांगायला हरकत नाही, मला माझ्या कामाचा तोरा होता.

आता योगेशबद्दल सांगते, कारण खरं तर त्याच्याबद्दल सांगण्यासाठीच लिहायला बसले आहे.

आमची कंपनी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्याच्या माडीवर होती. खालचा प्रेस पडला की टेबलावरचा चहा हलायचा. मालक देवरेसर. कंपनीत दोन प्रकारची कामं चालायची. एक माझं, एका परदेशी कंपनीच्या एडिटरमधल्या टर्मिनलचं. दुसरं इथल्या पॅकहाऊसचं. पॅकहाऊस म्हणजे जिथे निर्यातीची द्राक्षं निवडून खोक्यांत भरतात ती जागा, दिंडोरीकडे गेलात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतील. प्रत्येक खोक्यावर लेबल लागतं आणि आतली द्राक्षं कुठल्या बागेतली ते त्यावर छापलेलं असतं. ती लेबलं छापण्याचा प्रोग्रॅम आमचा.

त्या पॅकहाऊसच्या कामासाठी योगेश आला. गिरणारे बाजूच्या एका खेड्यातला, वडील कोथिंबीर-मेथी करणारे. वय एकोणतीस. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. देवरेसरांनी मुलाखतीला मलाही बसवलं. त्यांना काय विचारावं ते सुचेना, म्हणून त्यांनी मुद्दाम चूक ठेवलेला एक प्रोग्रॅम त्याच्यापुढे टाकला. योगेशने कानाला हेडफोन लावला. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो, स्क्रीन रीडर. तो त्याने इतक्या वेगाने लावला होता, की बाहेर निसटणारा आवाज मला लाह्या फुटल्यासारखा ऐकू येत होता. चार मिनिटांनी त्याने हेडफोन काढला. म्हणाला, "सर, एकशे चाळिसाव्या ओळीला कंस उघडलाय तो मिटलाच नाय. आन् तुम्ही मुद्दाम घातलेली चूक ती नसंल, तर दुसरीबी एक सापडली हाय." दुसरी आमची खरीखुरी होती, सहा महिने कोणाला दिसलेली नव्हती. सरांनी त्याला तिथल्या तिथे घेतलं.

पुढची दोन वर्षं तो लिनक्सवर काम करत होता आणि कोणाला त्याची काळजी करावी लागली नाही. कोणाचा पाय जिन्यावर कसा वाजतो यावरून तो माणूस ओळखायचा, हे तर झालंच. पण आपल्या प्रोग्रॅमची कुठली ओळ कुठे आहे हे त्याला जितकं पाठ असायचं, तितकं आम्हा डोळसांपैकी कोणालाच नसायचं. आम्हाला पाठ करण्याची गरज वाटायची नाही, वर-खाली बघितलं की झालं. त्याला एकदा ऐकून लक्षात ठेवावं लागायचं, आणि तो ठेवायचा. मी त्याच्याशेजारी बसून त्याचं काम ऐकत राहायचे. हो, ऐकतच.

मग देवरेसरांनी ठरवलं, की सगळ्या पॅकहाऊसमध्ये विंडोज आहे तर आपल्याकडेही विंडोजच हवं, दोन-दोन चुली कशाला. निर्णय बरोबर होता. पण पहिल्याच दिवशी योगेश हेडफोन काढून माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, तुमचं टर्मिनल बिघडलं. एक प्रश्न विचारला की पार पहिल्यापासून भारूड लावतंय."

बिघडलेलं काही नव्हतं. लिनक्सवर वही आणि खिडकी यांच्यात एक साधी नळी असते. पलीकडून जे बोललं गेलं ते जसंच्या तसं, त्याच क्रमाने अलीकडे येतं. विंडोजवर मध्ये एक मध्यस्थ बसतो. तो बोललेलं ऐकतो, त्यावरून पडद्याचं एक चित्र स्वतःकडे मांडतो आणि चित्रात काय बदललं ते वहीला कळवतो. कधीकधी तर सगळं चित्रच नव्याने पाठवतो. डोळ्यांना फरक कळत नाही, कारण शेवटी पडदा तोच दिसतो. पण योगेशचा स्क्रीन रीडर नवं-जुनं ओळखायचा नाही. एक ओळ आली की तो चाळीस ओळी पुन्हा वाचायचा.

सरांनी मला बोलावून सांगितलं, "सुनंदाताई, महिनाअखेरपर्यंत जमतंय का बघा. नाही जमलं तर योगेशला फोनवर बसवू. पॅकहाऊसवाल्यांच्या तक्रारी घ्यायला आपल्याला माणूस हवाच आहे. पगार तोच राहील." सर दुष्ट नव्हते, त्यांना ती सोयच वाटत होती. योगेशला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आमच्या गावात लोकं आईला विचारतात, पोरगा फोन उचलायला हाय ना? आई सांगती, नाय, प्रोग्रॅम लिहितो. तिला काय कळत नाय त्यातलं, पण ठासून सांगती." एवढंच बोलून तो आपल्या जागेवर गेला. तो प्रोग्रॅम लिहीत राहणार की फोन उचलणार, हे माझ्या खिडकीवर ठरणार होतं.

मी आठ दिवस डोकं आपटलं. चित्रातला नवा भाग ओळखण्याच्या तीन युक्त्या केल्या, तिन्ही फसल्या. शेवटी रस्ता योगेशनेच दाखवला. डबा खाताना सहज म्हणाला, "मॅडम, मी कॉलेजात असताना वडिलांबरोबर मार्केटला जायचो, पंचवटीत. तिथं लिलावाला गलका किती असतो तुम्हाला ठाऊक हाय. पण कुठला माल कधी सुरू झाला आन् कधी संपला, हे मला कधी विचारायला लागलं नाय. वक्कल सुरू होताना शेतकऱ्याचं नाव घेतात. बोली तुटली की व्यापाऱ्याचं. मधला गलका म्हणजे त्या वक्कलाचा." वक्कल म्हणजे लिलावाला लावलेला मालाचा एक ढीग. "तुमच्या खिडकीला कोणी नावं घेणारा नाय. म्हणून तिला कुठून कुठपर्यंत वाचायचं ते कळत नाय."

न दिसणाऱ्या खुणा लावणं हा तर माझाच उद्योग, आणि इथे तो मला सुचला नव्हता.

हुकूम घेणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला मी खुणा करायला शिकवलं. हुकूम सुटला की एक खूण, हुकूम संपला की दुसरी. दुसऱ्या खुणेसोबत निकालही पाठवायचा, काम झालं की फसलं. एडिटरने त्या खुणा गिळायच्या, पडद्यावर दाखवायच्या नाहीत, आणि दोन खुणांच्या मधला मजकूर तेवढा योगेशला वाचून दाखवायचा. शेवटच्या खुणेनंतर जे येईल ती मध्यस्थाची पुनरुक्ती समजून टाकून द्यायची. निकालाला शब्द नको, असं योगेशचं म्हणणं पडलं. एक 'टक' म्हणजे झालं, दोन 'टक टक' म्हणजे फसलं. महिना संपायला चार दिवस होते. त्याने पहिला हुकूम दिला, सहा ओळींचं उत्तर ऐकलं, टक वाजली आणि त्याने हेडफोन काढून ठेवला. मला वाटलं काही बिघडलं. म्हणाला, "शांत झालं, मॅडम. लय दिवसांनी शांत झालं." मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले.

त्या परदेशी कंपनीलाही ती कल्पना आवडली. त्यांनी ती एडिटरमध्ये सगळ्यांसाठी घेतली, खाली माझं नाव लिहून. योगेशचं नाव मी पत्रात लिहिलं होतं, ते त्यांनी गाळलं. मी पुन्हा लिहिलं नाही. ही चुटपुट आहेच, पण याहून मोठी पुढे आहे.

हे काम तपासताना मला दोनदा काहीतरी दिसलं होतं. टक आधी वाजली आणि उत्तराची शेवटची ओळ पडद्यावर किंचित नंतर उमटली. कारण मला माहीत होतं. मध्यस्थ मजकूर साठवून चित्र काढूनच पुढे पाठवतो, पण ज्या खुणांशी त्याला कर्तव्य नाही त्या तशाच पुढे सोडतो. त्यामुळे खूण कधीकधी मजकुराच्या पुढे धावते. ही त्याची रीत आहे, त्याचा दोष नाही. तिची दखल घेणं माझं काम होतं. पण मला शेवटची ओळ दिसत होती ना! जरा उशिरा का होईना, समोर आली होती. टक आणि ओळ यांत निमिषभराचं अंतर, त्याचं काय एवढं, असं म्हणून मी पुढे गेले. शेवटच्या खुणेनंतरचं सगळं टाकून द्यायला मीच सांगितलंय, म्हणजे ती ओळ योगेशला कधी ऐकूच जाणार नाही, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. डोळे असलेल्या माणसाकडूनच व्हावी अशी ती चूक होती.

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात आला. एका सकाळी साडेदहाला दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसच्या मॅनेजरचा फोन आला. फोन मीच घेतला.

"मॅडम, काय केलं तुमच्या लोकांनी? सगळ्या खोक्यांवर एकाच बागेचं नाव येतंय! इथं पाच बागांचा माल हाय. लेबल लावणाऱ्या बायांपैकी एक वरडली म्हणून कळलं, नायतर गाडी भरून गेली असती. सकाळपासूनचा सगळा माल अडकलाय. परदेशात एक खोकं चुकीचं सापडलं तर अख्खा कंटेनर माघारी धाडतात, ठाऊक हाय ना?"

आदल्या संध्याकाळी योगेशने त्या पॅकहाऊससाठी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती तयार करून पाठवली होती. सरांनी त्याला विचारलं, "तयार करताना काही एरर आली होती?" तो म्हणाला, "नाय सर. एक टक वाजली. झालं असंच आलं." मग तो लगेच मॅनेजरशी फोनवर बोलायला लागला. जुनी आवृत्ती परत कशी चढवायची, ते तो त्यांना पायरी-पायरीने सांगत होता. आपल्यासमोर पडदा नाही आणि त्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही, अशा स्थितीत. "डाव्या हाताला दुसरं बटण, भाऊ. त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचा मला. बरं. आता घाई करू नका." अर्ध्या तासात लेबलं बरोबर निघायला लागली. ज्या बाईने चूक पकडली तिला फोनवर बोलावून त्याने विचारलं, "मावशी, आता पाचही नावं येत्यात ना?" तिने एकेक वाचून दाखवलं, मगच त्याने फोन ठेवला.

मी दरम्यान आदल्या दिवशीची टर्मिनलची नोंद उघडली होती. एडिटर खिडकीत आलेला सगळा मजकूर साठवून ठेवतो. शेवटची ओळ होती: 'बागांची यादी मिळाली नाही, नमुन्याची यादी वापरली.' नमुन्याच्या यादीत एकच बाग होती. काम फसलेलं नव्हतं, म्हणून निकाल 'झालं' असाच होता. ही नुसती सूचना होती. आमच्यापैकी कोणीही ती वाचली असती आणि हात थांबवला असता. पण संपल्याची खूण तिच्या आधी आली होती. माझ्या एडिटरने टक वाजवली आणि ती ओळ फेकून दिली. योगेशला ती कोणी सांगितलीच नाही.

तेव्हा साडेअकरा वाजले होते. सरांची केबिन माझ्या टेबलापासून पंधरा पावलांवर. मी उठले नाही.

का उठले नाही, याची मी स्वतःला तेव्हा बरीच कारणं दिली. पुन्हा एकदा खात्री करून घेऊ. सर आत्ता चिडलेले आहेत. आधी दुरुस्ती करू, मग दोन्ही एकदम सांगू. खरं कारण एवढंच, की तोच भाग माझ्या नावाने परदेशात गेलेला होता, निवृत्तीला वर्ष राहिलं होतं आणि इतक्या वर्षांत 'सुनंदाताईंच्या कामात खोट नसते' हे वाक्य मला फार आवडायला लागलं होतं. मी डबा खाल्ला. योगेश समोरच बसला होता. त्याने मला लोणचं दिलं. मी घेतलं.

चार वाजता सरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. ते शांत होते, तेच जास्त जड गेलं. "योगेश, तू हुशार आहेस, यात वाद नाही. पण आज माल वाचला तो त्या बाईमुळे. समोर एखादी सूचना आली तरी ती तुला दिसत नाही, यात तुझा दोष नाही, पण जोखीम कंपनीची आहे. सोमवारपासून तू फोनवर बस. सकाळी तू ज्या पद्धतीने त्यांना सांभाळलंस ना, ते आमच्यापैकी कोणाला जमलं नसतं."

योगेश म्हणाला, "बरं, सर."

बस, एवढंच. वाद नाही, खुलासा नाही. तो उठायला लागला, खुर्चीचा पाय फरशीवर घासला आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, थांबा. चूक माझी आहे."

मी सगळं सांगितलं. टकेचं, ओळीचं, तपासताना दोनदा दिसलं होतं तेही. साडेअकराला कळलं होतं हेही सांगितलं, कारण एवढं सांगून ते लपवलं असतं तर सांगण्यात अर्थ नव्हता. सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटतं, त्यांनाही ते 'खोट नसते'चं वाक्य आवडत असावं. ते म्हणाले, "म्हणजे ती सूचना आली होती, आणि आपण ती त्याला दिली नाही."

"हो."

"दुरुस्त होईल?"

"होईल. खूण आली तरी मध्यस्थाचं चित्र येईपर्यंत थांबायचं, मगच टक वाजवायची. दोन दिवसांचं काम आहे."

"आणि ते बरोबर झालंय हे तपासणार कोण? तुम्ही तर आधीही तपासलं होतंत."

योगेश दाराशीच उभा होता. तो म्हणाला, "मी तपासतो, सर. ज्याला पडदा दिसतो त्याला ही चूक कधी सापडायचीच नाय. तो बघून पुढं जाणार. मला एकदा ऐकू नाय आलं, म्हणजे नाय."

सर हसले नाहीत, पण त्यांनी त्याला परत बसायला सांगितलं. सोमवारी तो आपल्या जागेवर होता. त्या दिवसापासून मी निवृत्त होईपर्यंत माझ्या टर्मिनलची एकही ओळ त्याच्या मंजुरीशिवाय बाहेर गेली नाही. त्याने माझं काम अकरा वेळा परत पाठवलं, आणि अकराही वेळा त्याचं बरोबर होतं. माझ्याहून चांगला तपासनीस मी नोकरीत पाहिला नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. आम्ही दोघं जिना उतरत होतो. खाली कारखान्याचा प्रेस बंद झाला होता. मी म्हणाले, "योगेश, मला माफ कर. मी सकाळीच सांगायला हवं होतं."

"मला म्हाईत होतं, मॅडम."

"काय माहीत होतं?"

"चूक कुठं हाय ते. त्या मॅनेजरचा फोन ठेवला आन् नोंदीतला सगळा मजकूर वहीत उचलून एकेक ओळ ऐकली. ती ओळ सापडली. मग तोच हुकूम वीस वेळा दिला. चौदा वेळा टक वाजली, पण ती ओळ ऐकू आली नाय." तो कठड्याला हात लावून थांबला. "डबा खाताना मला वाटलं, तुम्ही आता बोलाल."

"मग तू का नाही बोललास? सरांनी तुला फोनवर बसायला सांगितलं, तेव्हासुद्धा नाही?"

"मी बोललो असतो तर सर काय म्हणले असते, मॅडम? आंधळा हाय, सापडला, आता टर्मिनलवर ढकलतो. तुमच्या तोंडून आलं म्हणून त्यांना पटलं. ते तुमच्याच तोंडून यायला पायजे होतं."

"आणि मी बोललेच नसते तर?"

"तर फोन उचलले असते," तो म्हणाला, आणि काठी उघडून रिक्षाच्या आवाजाच्या दिशेने चालायला लागला.

घरी जाऊन मी लॅपटॉप उघडला. आमच्याकडे चूक सापडली की एक ठरलेला अर्ज भरून ज्याचं त्याला पाठवायची पद्धत होती. योगेशने तो मला जिना उतरण्याआधीच पाठवलेला होता. चूक काय, कशी घडते, किती वेळा, सगळं चोख. अर्ज भरल्याची वेळ दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. 'चूक कोणाच्या कामात' ही एक जागा त्याने कोरी सोडली होती. ती मी भरली आणि अर्ज सगळ्या कंपनीला पाठवून दिला.